विन्स्लो ते ॲम्बॉय: वाळवंटातल्या मालगाड्यांच्या छायाचित्र प्रकल्पाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४. आवाका ठरवला

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला ॲरिझोनातल्या विन्स्लोपासून कॅलिफोर्नियातल्या ॲम्बॉयपर्यंतचा बीएनएसएफ या रेल्वे कंपनीचा मुख्य मार्ग घेतला. शिकागो-लॉस एंजेलिस या दुहेरी मार्गाचा हा तुकडा. विन्स्लो ते नीडल्स हा सेलिगमन उपविभाग आणि पुढे बार्स्टोपर्यंत नीडल्स उपविभाग. जागा बारा आणि प्रत्येक जागी दोन फ्रेम्स: एक पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीची, एक पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीची. इंजिनाच्या नाकावर ऊन हवे, आणि कडा तापलेल्या हवेने विरघळलेल्या नकोत. एकूण २४ फ्रेम्स.

पहिली फेरी ऑक्टोबरमध्ये. ॲरिझोनात मॉन्सूनचा अधिकृत काळ १५ जून ते ३० सप्टेंबर. त्यात दुपारी ढग फुटले की कोरडे ओढे अर्ध्या तासात भरून वाहतात, पुराचा इशारा आला की गाड्या सावकाश चालवतात किंवा थांबवतात, आणि मातीचे रस्ते नाहीसे होतात. ९ ऑगस्ट १९९७ रोजी किंगमनजवळ अशाच पुराने पाया खचलेल्या पुलावर ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वेची ‘साउथवेस्ट चीफ’ ही गाडी रुळांवरून घसरली होती.

२२ सप्टेंबर. कोनांचा तक्ता

या कामातला सर्वांत मोलाचा कागद. वाळवंटात झाड नाही, इमारत नाही, ढगही क्वचित. त्यामुळे प्रकाश कुठून येणार हे महिनाभर आधी मिनिटाच्या हिशेबाने सांगता येते. गाडी कधी येणार ते सांगता येत नाही. म्हणून जागा गाडीवरून न निवडता सूर्यावरून निवडायची, आणि त्या वेळात जी गाडी येईल ती घ्यायची.

रीत अशी. उपग्रह नकाशावर सरळ रुळाचा किमान अर्धा मैलाचा तुकडा निवडून त्याचा उत्तरेपासूनचा कोन मोजायचा. मग त्या तारखेचा दर पंधरा मिनिटांचा सूर्याचा दिशाकोन लिहायचा. गाडीच्या नाकाची दिशा आणि सूर्याची दिशा यांत ९० अंशांपेक्षा कमी फरक असेल तरच नाकावर ऊन. फरक २० ते ६० अंशांत असेल तर नाक आणि एक बाजू दोन्ही उजळतात, तीच आपली वेळ. १० अंशांच्या आत गाडी सपाट दिसते, ७० च्या पुढे नाक काळवंडते.

उदाहरण गॉफ्सच्या खालच्या पट्ट्याचे. नीडल्सकडून चढून आलेला मार्ग गॉफ्सला वळतो आणि फेनर, एसेक्सकडे नैर्ऋत्येला उतरतो. रुळाचा कोन ४५-२२५ धरला. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य १०० अंशांवर उगवतो, म्हणजे ईशान्येला तोंड केलेल्या पूर्वगामी गाडीशी फरक ५५ अंश, उत्तम. सूर्य १३५ अंशांवर पोचतो तो सकाळी दहाच्या सुमारास. तिथे फरक ९० होतो आणि पूर्वगामी गाड्यांचा खेळ संपतो. त्याच क्षणापासून पश्चिमगामी गाड्यांच्या नाकावर ऊन यायला लागते, पण सूर्य वर चढलेला असतो म्हणून खरी गोडी दुपारी साडेतीननंतरच.

उंचीचाही स्तंभ ठेवला. २१ जूनला इथे मध्यान्हीचा सूर्य ७८ अंशांवर असतो. इंजिनाच्या काचेखालचा सगळा भाग आणि चाकांचे सांगाडे काळे पडतात. ऑक्टोबरच्या मध्यावर तो ४६ अंशांपेक्षा वर जात नाही. हिवाळी अर्धवर्षात काम करण्याचे हेच मोठे कारण, थंडी दुय्यम.

२९ सप्टेंबर. सामान

कॅमेरे दोन, एकावर २४-७० मिमीची लेन्स आणि दुसऱ्यावर ७०-२००. १००-४०० फक्त चाचणीपुरती. रुळाकाठी लेन्स बदलायची नाही. कंटेनरच्या गाडीमागून जो वारा उसळतो तो खडीतली बारीक धूळ थेट सेन्सरवर नेऊन बसवतो. हवेचा फुगा रोज संध्याकाळी, ओला स्वॅब फक्त मुक्कामी.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर, आणि एक दिवसाचे जादा. जादा चाक पूर्ण आकाराचे, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, दाबमापक, दोन फळ्या. मऊ वाळूत टायरचा दाब ३५ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवला तर गाडी निघते. डांबरावर परतताच पुन्हा भरायचा, नाहीतर टायर तापून फाटतो. पेट्रोलची टाकी नीडल्स किंवा बार्स्टोला भरायची, मधल्या पंपांच्या भरवशावर राहायचे नाही. मोबाइलचा सिग्नल लडलो ते नीडल्स दरम्यान जुन्या रूट ६६ वर तुटक, म्हणून नकाशे आधीच उतरवून घेतले आणि कागदी प्रतही घेतली.

परवानग्या. रेल्वेची हद्द म्हणजे नुसती खडी नव्हे, रुळालगतचा सर्व्हिस रोडही बहुतेक ठिकाणी रेल्वेचाच. त्यावर गाडी घातली तर ती घुसखोरी. रूळ ओलांडायचे ते सार्वजनिक फाटकावरच. प्रत्येक फाटकावर निळी पाटी असते, तिच्यावर आणीबाणीचा फोन आणि फाटकाचा क्रमांक असतो. बारा जागांजवळचे क्रमांक तक्त्यात लिहून ठेवले. रुळावर काही अडथळा दिसला तर मैलाचा दगड शोधत बसण्यापेक्षा हा क्रमांक सांगणे लवकर होते. ॲरिझोनात राज्याच्या ट्रस्ट जमिनीवर पाय ठेवायला करमणुकीचा परवाना लागतो, तो काढला. पीच स्प्रिंग्सचा परिसर वालापाई या मूळनिवासी लोकांचा, डांबरी रस्ता सोडून आत जायचे नाही.

५ ऑक्टोबर. रेडिओ

रेल्वेचे बोलणे १६०.११० ते १६१.५६५ मेगाहर्ट्झ दरम्यान, साध्या एफएमवर. डिस्पॅचर (गाड्यांचा नियंत्रक) ऐकून गाडीचा अंदाज बांधण्यापेक्षा रुळाकाठचे डिटेक्टर जास्त उपयोगी. तापलेले बेअरिंग किंवा लोंबकळणारी वस्तू शोधणारी ही यंत्रे गाडी गेल्यावर यांत्रिक आवाजात मैल, मेन वन की मेन टू (दोनपैकी कोणता रूळ), दोष आहे-नाही आणि एकूण ॲक्सल सांगतात. काही ठिकाणी दोष असेल तरच बोलतात, म्हणून शांतता म्हणजे गाडी नाही असे समजू नये.

ॲक्सलच्या आकड्यावरून लांबी काढता येते. कंटेनर वाहणाऱ्या, पाच खणांच्या जोडवेल डब्याला १२ ॲक्सल आणि लांबी साधारण २६५ फूट. मोटारी वाहणाऱ्या ९० फुटी डब्याला ४. दोन्ही ठिकाणी ॲक्सलमागे २२-२३ फूट पडतात. कंटेनरची गाडी ४०० ॲक्सल म्हणजे सुमारे ९,००० फूट. टाक्या आणि बंद डब्यांच्या मिश्र मालगाडीला मात्र ॲक्सलमागे १५ फूट धरावे. वेग ताशी ५० मैल असेल तर ९,००० फुटांची गाडी दोन मिनिटांत पार होते, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या रुळावरून समोरची गाडी येऊन फ्रेम झाकू शकते. दोन डिटेक्टर पाठोपाठ विरुद्ध रुळांवर बोलले की सावध व्हायचे.

डिटेक्टर १२ मैलांवर बोलला आणि गाडी ५० च्या वेगात आहे तर हातात चौदा मिनिटे. चढणीवर हाच हिशेब पंचवीस मिनिटांचा होतो. कोणत्याही रुळावर कोणत्याही दिशेने गाडी सोडता येते, त्यामुळे नेहमीच्या रुळावरच येईल हा भरवसा नको. रुळाजवळचे सिग्नल विझलेले असतील आणि अचानक पेटले तर गाडी जवळ आली. बरेच सिग्नल गाडी जवळ आल्यावरच उजळतात.

अँटेनाबद्दल एक. कारच्या आतून हातातला रेडिओ जेमतेम सात-आठ मैल ऐकतो. छतावर लोहचुंबकी अँटेना बसवल्यावर मोकळ्या खोऱ्यात पंचवीसच्या पुढे गेला. दरीत काहीच नाही, तिथे फक्त डोळे.

१२ ऑक्टोबर. विन्स्लो आणि कॅन्यन डायब्लो

विन्स्लोला ला पोसादा हॉटेलचे मागचे अंगण थेट रुळांना लागून. मेरी कोल्टर यांनी आखलेली, १९३० ची ही इमारत, आणि आजही ॲमट्रॅकचा थांबा. कुंपणाच्या आत सावलीत बसून सगळे दिसते. फ्रेमच्या दृष्टीने जागा सामान्य, कारण मागे यार्डाचे खांब येतात. रेडिओ जुळवायला मात्र उत्तम.

‘साउथवेस्ट चीफ’चे गणित इथेच मांडले. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही (तिथला नवाहो नेशन हा मूळनिवासींचा प्रदेश बदलतो), हवाई सोडून बाकीचा देश बदलतो. त्यामुळे उन्हाळी वेळेच्या काळात ही गाडी ॲरिझोनाच्या घड्याळाने तासभर आधी येते. पश्चिमेकडे जाणारी ३ क्रमांकाची गाडी जून-जुलैत विन्स्लोला संध्याकाळच्या उन्हात सापडते, ऑक्टोबरात अंधारात. ४ क्रमांकाची पहाटेची. म्हणजे चीफ या फेरीच्या यादीतून बाद.

कॅन्यन डायब्लोचा पूल दुपारी. पहिला पूल १८८२ चा, आताची पोलादी कमान १९४७ ची. टू गन्सपासून उत्तरेला जाणारा कच्चा रस्ता खडकाळ आहे, जमिनीपासून उंच असलेली गाडीच हवी. जमिनीची मालकी तुकड्या-तुकड्यांत विभागलेली, म्हणून जिथे जायला हरकत नाही अशी खात्री केलेल्या टोकावरूनच काम केले, कड्यापासून दोन मीटर मागे. कडा चुनखडीची, तिचे कंगोरे पायाखाली सुटतात.

दुपारी साडेतीनला सूर्य नैर्ऋत्येला आला की कमानीची दक्षिण बाजू उजळते. ७० मिमी, एफ/८, १/१६००, आयएसओ ४००. दरीच्या सावलीत कमानीचे पाय बुडू लागतात ते पावणेपाचपासून. म्हणजे खरी वेळ सव्वा तासाची. दोन पश्चिमगामी आणि एक पूर्वगामी मिळाली. पूर्वगामीच्या नाकावर ऊन नाही, ती फ्रेम मोजली नाही. एकूण १.

१३ ऑक्टोबर. तापलेल्या हवेची चाचणी

किंगमनच्या ईशान्येला, व्हॅलेंटाइन आणि ट्रक्स्टनदरम्यान रूट ६६ रुळांना चिकटून जातो, रस्त्याच्या कडेने काम करता येते. क्रोझियर कॅन्यनच्या कड्यांपुढे नारिंगी इंजिने फार खुलतात. पण आज मुख्य काम चाचणीचे. एक सिग्नलचा खांब १५०, ४०० आणि ८०० मीटरवरून, दर अर्ध्या तासाने, दहा-दहा फ्रेम्स.

८०० मीटरवरून ४०० मिमीला सकाळी ८ पर्यंत दहापैकी आठ फ्रेम्स धारदार. ९ ला चार. साडेनऊनंतर एकही नाही, सिग्नलची गोल भिंगे अंड्यासारखी दिसत होती. ४०० मीटरवरून २०० मिमीला साडेदहापर्यंत निभावले. १५० मीटरवरून ८५ मिमीला दुपारभर काही अडले नाही.

कारण लेन्सचे नाही. काळपट खडी आणि रूळ तापतात, त्यांच्यालगतची हवा विरळ होऊन वर सुटते, वरची गार हवा खाली घुसते, आणि प्रत्येक थरात प्रकाश थोडा वेगळा वळतो. प्रकाशाने जितका लांब पल्ला अशा हवेतून कापला तितकी कडा वितळते. शटर कितीही जलद ठेवला तरी उपयोग नाही, फ्रेम गोठते ती वाकडीच गोठते. ऑटोफोकसही फसतो, म्हणून ‘फोकस चुकला’ असे समजून माणूस भलतीच दुरुस्ती करत बसतो. पडताळा सोपा: एकाच फ्रेममध्ये काही कडा धारदार आणि शेजारच्याच वितळलेल्या असतील तर दोष हवेचा.

उपाय तीन, महत्त्वाच्या क्रमाने. जवळ जा आणि लेन्स लहान करा. जमिनीपासून उंच जा, कारण पहिल्या दोन मीटरांतली हवा सर्वांत वाईट. पंचवीस फुटांचा टेकाडही फरक पाडतो. आणि तापलेल्या डांबरावरून किंवा स्वतःच्या कारच्या बॉनेटवरून नेम धरू नका. चौथी बाब चटकन लक्षात येत नाही. वातानुकूलित कारमधून काढलेल्या गार लेन्सच्या हूडमध्येच हवा घुसळते. वीस-पंचवीस मिनिटे सावलीत बाहेर ठेवल्यावर त्याच जागेवरून फ्रेम्स सुधारल्या.

टेलिफोटोने दबलेल्या, नागमोडी वळणाच्या गाडीचे चित्र वाळवंटात सगळ्यांना हवे असते. ते सूर्योदयानंतरच्या सव्वा तासाचेच काम आहे. १००-४०० पिशवीत परत गेली.

शटरचा हिशेबही आज पक्का केला. कंटेनरची गाडी ताशी ७० मैलांनी, म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. १०० मीटरवरून १०० मिमीने आडवी टिपली तर १/१००० मध्ये सेन्सरवर ०.०३१ मिमी सरकते. २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण फ्रेम सेन्सरवर ते पाच पिक्सेल, म्हणजे अक्षरे पुसट. १/२५०० ला दोन पिक्सेल. रुळाशी २० अंशांत तिरकी टिपली तर १/१००० लाही दोनच्या आत. म्हणून तिरक्या फ्रेमला १/१०००, आडव्या फ्रेमला १/२५००. फ्रेम्स ४, एकूण ५.

१९ ऑक्टोबर. गॉफ्स ते कॅडिझ

नीडल्स समुद्रसपाटीपासून ५०० फुटांच्या आसपास, गॉफ्स २,६०० च्या आसपास. सुमारे १.४ टक्क्यांची चढण. पश्चिमगामी गाड्या इथे सावकाश येतात, पुढे तीन-चार इंजिने आणि शेवटी एक-दोन. पूर्वगामी गाड्या ब्रेक धरून उतरतात. सावकाश गाडी म्हणजे शटरला सवड आणि आडवी फ्रेम १/१००० लाही चालते. ॲम्बॉय, कॅडिझ, डॅन्बी, एसेक्स, फेनर, गॉफ्स, होमर, आयबिस, जावा. ठाण्यांची नावे पश्चिमेकडून पूर्वेकडे इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने. १८८३ मध्ये मार्ग टाकताना तशीच पाडली होती, आणि रेडिओवर नाव ऐकले की गाडी कुठवर आली ते लगेच कळते.

तक्त्यातला दहाचा अंदाज बरोबर निघाला. सकाळी ७:१० ते ९:४० मध्ये चार पूर्वगामी, दहा वाजून पाच मिनिटांनी आलेल्या पाचव्या गाडीचे नाक काळे.

चूक: पहिल्या दोन फ्रेम्समध्ये नारिंगी रंग जळाला. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसत होता, कारण तो तिन्ही रंगांची सरासरी दाखवत होता. कोवळ्या उन्हात बीएनएसएफच्या नारिंगीचा लाल वाहक (लाल रंगाची वेगळी नोंद) सर्वांत आधी टोकाला लागतो, आणि रॉ फाइलमधूनही तिथला तपशील परत येत नाही. लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम लावला, एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) खाली आणला. मोजमाप हातानेच. हेडलाइट आणि खालचे दोन दिवे फ्रेममध्ये आले की कॅमेरा सगळे अंधारात ढकलतो. भर उन्हात एफ/८, १/१०००, आयएसओ २५० हा पाया, सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात एक ते दोन स्टॉप जादा.

पोलरायझर काढून टाकला. रुंद कोनात आकाशाचा एक पट्टा काळानिळा आणि बाकीचे फिकट होते, शिवाय दीड स्टॉप जातो. फ्रेम्स ६, एकूण ११.

२६ ऑक्टोबर. ॲम्बॉय

जुन्या लाकडी पुलांमुळे ॲम्बॉयच्या पूर्वेकडचे रूट ६६ चे टप्पे बंद असतात, म्हणून आंतरराज्य ४० वरून केल्बेकर रस्त्याने खाली उतरलो. निघण्याआधी काउंटीची सूचना पाहावीच.

इथला निवडलेला तुकडा १२०-३०० अंशांवर. म्हणजे पूर्वगामी गाडीचे नाक १२० कडे. सूर्य १०५ वर उगवला तेव्हा तो नाकाच्या उत्तरेला, म्हणून उभे राहायचे उत्तरेला. पावणेनऊच्या सुमारास सूर्य १२० ओलांडतो आणि उजळ बाजू दक्षिणेची होते. जागा बदलायची ती फाटकावरून, रुळांवरून नव्हे. त्या वळसा घालण्यात पंधरा मिनिटे गेली आणि एक लांब मोटारींची गाडी निसटली. पुढच्या वेळी सव्वाआठला हलायचे.

पार्श्वभूमीला ॲम्बॉय विवराचा काळा लाव्हा. नारिंगीला त्याच्यासारखी बैठक नाही. फ्रेम्स ४, एकूण १५.

२७ ऑक्टोबर. केल्सो (यादीबाहेर)

युनियन पॅसिफिकचा हा वेगळा मार्ग, १९२४ चे केल्सो डेपो, मोजावे राष्ट्रीय अभयारण्याच्या हद्दीत. ड्रोन उडवायला पूर्ण मनाई. केल्सो ते सिमा २.२ टक्के, म्हणजे १:४५. भोर घाटाच्या १:३७ पुढे कमी, पण गाडी दीड-दोन मैलांची. कर्जतला मागे बँकर (ढकलणारी जादा इंजिने) जोडतात, इथे मधली आणि मागची इंजिने पुढच्या चालकाच्या रेडिओ आज्ञेवर चालतात. पिवळ्या रंगालाही लाल वाहकाची तीच काळजी.

३ नोव्हेंबर. घड्याळे

आज कॅलिफोर्नियाचे घड्याळ एक तास मागे गेले, ॲरिझोनाचे नाही. कालपर्यंत कोलोरॅडो नदीच्या दोन्ही काठांवर एकच वेळ होती. टोपॉकजवळ फोन कधी या राज्याच्या टॉवरची वेळ घेतो, कधी त्या. सकाळचा एक संच तासाने चुकीचा नोंदला गेला आणि कोनांच्या तक्त्याशी जुळेना. दोन्ही कॅमेरे, फोन आणि तक्ता ॲरिझोनाच्या वेळेवर कायमचे बांधले. किंगमन कॅन्यनमध्ये फ्रेम्स २, एकूण १७.

९ नोव्हेंबर. उरलेल्या सात

पाच गॉफ्सच्या वरच्या वळणाच्या आणि कॅन्यन डायब्लोच्या पूर्वगामी बाजूच्या, जानेवारी-फेब्रुवारीत होतील. दोन ॲम्बॉयच्या त्याच १२० अंशांच्या तुकड्यावरच्या.

या अक्षांशावर २१ डिसेंबरचा सूर्य ११९ अंशांवर उगवतो आणि २१ जूनचा २९९ वर मावळतो. म्हणजे वर्षात दोनदा सूर्य अगदी रुळांच्या रेषेत. नियमाने १० अंशांच्या आतला प्रकाश सपाट, पण इथे तोच हवा: क्षितिजापासून दोन-तीन अंश वर असलेले ऊन संपूर्ण नाकावर आणि दोन्ही रुळांच्या माथ्यावर एकाच वेळी. डिसेंबरात पूर्वगामी, १३५ मिमी, हवा गार असल्याने ३०० मीटरवरून. जूनमध्ये पश्चिमगामी, संध्याकाळीही ४० अंश सेल्सियसच्या वर, खडी दिवसभर तापलेली, म्हणून ५० मिमी आणि ८० मीटरच्या पुढे नाही. प्रकाशाची खिडकी सुमारे पंधरा मिनिटे. त्या पंधरा मिनिटांत योग्य दिशेची गाडी आलीच पाहिजे, म्हणून २१ तारखेच्या आधीचे आणि नंतरचे चार-चार दिवस धरले आहेत, तेवढ्यात सूर्याचा कोन अर्धा अंशही हलत नाही. फाटकाचा क्रमांक आणि उभे राहायची जागा तक्त्यात लिहिली, डिसेंबरसाठी उत्तरेची, जूनसाठी दक्षिणेची.